८.२ टक्के आणि हजार काड्या

२८ नोव्हेंबर २०२५ ला आकडा आला. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन ८.२ टक्क्यांनी वाढले. अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला त्याला तेव्हा तीन महिने होऊन गेले होते. त्या पन्नासातले पंचवीस टक्के रशियाचे तेल विकत घेतल्याबद्दलचा दंड होता. वसूल झाला तो कर म्हणून. पण एखाद्या देशाने आपली वागणूक बदलावी यासाठी व्यापारातून दिलेली शिक्षा म्हणजे निर्बंधच. आकडा आला आणि निकालही लागला. निर्बंधांनी काही बिघडले नाही. वाहिन्यांवर लागला, शेअर बाजारात लागला, चहाच्या टपरीवर लागला.

म्हैसुरात तो इतक्या पटकन लागायला नको होता. आकडा येण्याआधी बरोबर दोन आठवडे, १४ नोव्हेंबरला, अमेरिकेने काही वस्तू वाढीव करातून वगळल्या. त्या यादीत कॉफी होती. उदबत्ती नव्हती.

चामराजपुरममध्ये या दोन्ही वस्तूंची ओळख करून द्यावी लागत नाही. म्हैसूर जंक्शनहून चामराजनगरकडे निघालेल्या गाडीचे हे पहिले स्टेशन. आजूबाजूला जुनी, मध्यमवर्गीय वस्ती. सकाळी घराघरात फिल्टर कॉफी गळते आणि देवापुढे उदबत्ती लागते. कॉफी येते शेजारच्या कोडगूतून. देशात पिकणाऱ्या कॉफीतली सुमारे सत्तर टक्के कर्नाटकात पिकते आणि त्यातला मोठा वाटा कोडगूचा. उदबत्ती तर याच शहराची. तिला म्हैसूरच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे. एन. रंगा राव यांनी १९४८ मध्ये इथे सुरू केलेला सायकल उदबत्तीचा व्यवसाय आज जगभर माल पाठवतो. म्हणजे एकाच जिल्ह्याच्या अवतीभोवतीच्या दोन वस्तू. दोन्ही अमेरिकेत जातात. तिथल्या बंदरावर एकीला वाट मोकळी झाली, दुसरी अडली.

कॉफीला सूट मिळाली ती कोडगूच्या मळेवाल्यांची कणव येऊन मिळाली असे कुणी समजू नये. भारतीय कॉफीचे मोठे गिऱ्हाईक युरोप. अमेरिकेत जाते ती थोडी. सूट मिळाली कारण अमेरिकेत कॉफी जवळपास पिकत नाही आणि तिथल्या दुकानांत तिचे भाव भडकले होते. भाववाढीवरून तिथला मतदार चिडला होता. उदबत्ती महागली म्हणून अमेरिकेत कुणी सरकारला जाब विचारत नाही. स्मार्टफोन आणि औषधे तर पहिल्या दिवसापासून वगळलेली होती. त्यांचेही कारण तेच. शिक्षा देणाऱ्याने आधी स्वतःचे घर पाहिले, आणि जे उरले त्यावर कर बसवला.

हे नवे नाही. मे १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या. १३ मे रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी भारतावर निर्बंध जाहीर केले. महिनाअखेरीस पाकिस्ताननेही चाचण्या केल्या आणि तोच कायदा त्यालाही लागला. त्या कायद्यात सरकारी कर्जहमीवर विकल्या जाणाऱ्या अमेरिकी धान्याचाही समावेश होत होता. पाकिस्तान हा तेव्हा अमेरिकेच्या वायव्येकडच्या गहू पिकवणाऱ्यांचा मोठा खरेदीदार होता. जुलैमध्ये त्याची गव्हाची खरेदी निघायची होती. अमेरिकी संसदेने घाईने नवा कायदा केला आणि १४ जुलैला क्लिंटन यांनी त्यावर सही केली. अणुबॉम्ब फोडणाऱ्या देशाला गहू विकायला हरकत उरली नाही. निर्बंधांना जेमतेम दोन महिने झाले होते.

तेव्हाही वर्ष संपल्यावर आकडा आला आणि तेव्हाही हाच निकाल लागला. जागतिक बँकेच्या आकडेवारीत भारताची वाढ १९९७ मध्ये सुमारे ४ टक्के दिसते, १९९८ मध्ये ६ टक्क्यांहून थोडी अधिक आणि १९९९ मध्ये जवळपास ९. निर्बंधांच्या काळात वेग दुपटीहून जास्त झाला. ज्या बँकेने आपली कर्जे थांबवली त्याच बँकेच्या खातेवहीत ही नोंद आहे. एवढा भक्कम पुरावा हाती आल्यावर छाती फुगणारच. ऑगस्ट १९९८ मध्ये स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया बाँड काढले आणि काही आठवड्यांत परदेशस्थ भारतीयांकडून ४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आली. डॉलरवर पावणेआठ टक्के व्याज द्यावे लागले, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. स्वस्त कर्ज बंद झाले म्हणून महाग कर्ज घेतले, आणि पाच वर्षांनी ते व्याजासह फेडले. वाढीच्या दरात हा खर्च कुठे दिसत नाही.

आता पाकिस्तानकडे पाहा. चाचण्या झाल्या त्याच दिवशी, २८ मे रोजी, तिथल्या सरकारने लोकांची परकीय चलनातली बँकखाती गोठवली. डॉलर ठेवणाऱ्यांना डॉलर मिळेनात. गंगाजळी आटली. नाणेनिधीचे हप्ते थांबले आणि कर्जफेडीची मुदत वाढवून मागायची वेळ आली. निर्बंधांनी पोळलेला देश कसा दिसतो, ते १९९८ च्या पाकिस्तानात दिसले. आणि त्याच जागतिक बँकेच्या त्याच तक्त्यात त्या वर्षी पाकिस्तानची वाढ किती? १९९७ पेक्षा जास्त. १९९९ मध्ये त्याहून जास्त.

इथे थांबायला हवे. १९९८ चा दर सांगतो की भारताला काही झाले नाही. तोच दर त्याच कारणाने सांगतो की पाकिस्तानलाही काही झाले नाही. पहिले विधान आपल्याला गोड लागते म्हणून आपण ते उद्धृत करतो. दुसरे उद्धृत करायला इस्लामाबादमध्येही कुणी धजणार नाही. एक साक्षीदार दोन्हीकडे तीच साक्ष देत असेल तर खटल्यात त्याला पुन्हा पुन्हा उभे का करायचे?

दर असे का सांगतो, यात गूढ काही नाही. दर मागच्या वर्षाशी तुलना करतो. मागचे वर्ष वाईट गेले असेल तर पुढचे आपोआप बरे दिसते. १९९७ दोन्ही देशांना वाईट गेले होते. निर्बंध नसते तर १९९८ किती बरे गेले असते, हे दराला ठाऊक नसते. शिवाय दराला खर्च कशावर झाला याच्याशी देणेघेणे नाही. रशियाचे उत्पादन २०२२ मध्ये किंचित घटले आणि पुढची दोन वर्षे ते चांगले वाढले. तोफगोळे कारखान्यातून बाहेर पडले की उत्पादनात धरले जातात. ते युक्रेनच्या शेतात फुटले की वजा होत नाहीत.

दर कधीच काही सांगत नाही असेही नाही. इराणचे तेल आणि इराणच्या बँका एकदमच कोंडल्या गेल्या तेव्हा, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये, तिथले उत्पादन उघड घटले. एकाच वस्तूवर चालणारा देश आणि ती वस्तू घेणाऱ्या सगळ्यांना दमदाटी, असा योग जुळला की टक्केवारीलाही दिसते. नॉयएनकिर्श आणि नॉयमायर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये अनेक देशांचा अनेक दशकांचा हिशेब मांडला. संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लागलेल्या देशांत दरडोई वाढ वर्षाला सरासरी दोन टक्के बिंदूंहून अधिक घटते आणि हा फटका दहा वर्षे पुरतो. एकट्या अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांत घट अर्धा ते ०.९ टक्के बिंदू, सात वर्षे. अभ्यास गंभीर आहे. पण भारतासारख्या देशाला त्याचा उपयोग किती? पाऊस चांगला झाला किंवा सरकारने रस्त्यांवर जास्त खर्च केला, तर अर्धा टक्का इकडचा तिकडे होतो. त्यात निर्बंधांचा अर्धा टक्का कोणता, हे ओळखायचे कसे?

२०२५ चे गणित तर कागदावर करता येते. २०२४-२५ मध्ये आपण अमेरिकेला सुमारे ८६.५ अब्ज डॉलरचा माल विकला. देशाचे उत्पादन त्या वेळी चार लाख कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे सगळी निर्यात मिळून दोन टक्क्यांहून थोडी जास्त. त्यातली मोठी रक्कम फोन आणि औषधांची, म्हणजे सूट असलेली. उरलेल्यातला तिसरा हिस्सा बुडाला असे धरले तरी दराला अर्ध्या टक्क्याचाही ओरखडा उठत नाही. शिवाय पन्नास टक्के कर लागला २७ ऑगस्टला. जुलै-सप्टेंबर तिमाहीतले ३५ दिवसच त्या कराखाली गेले. त्याआधी निर्यातदारांनी घाईघाईने जमेल तेवढा माल पाठवून ठेवला होता. अशा तिमाहीचा आकडा पुढे करून निर्बंध निष्प्रभ ठरले म्हणायचे, याला घाई म्हणतात.

त्याच तिमाहीत महाराष्ट्रात काय चालले होते पाहा. चीनने एप्रिल २०२५ पासून दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांची चुंबके परवान्याशिवाय बाहेर जाऊ देणे थांबवले होते. विजेवरच्या स्कूटरच्या मोटरला हे चुंबक लागते. इलेक्ट्रिक चेतकचे उत्पादन ऑगस्टमध्ये शून्यावर येऊ शकते, असे राजीव बजाज यांनी जुलैत जाहीरपणे सांगितले. पुढे काही माल आला आणि गाडे सुरू झाले. पण एका मोठ्या कंपनीचा प्रमुख शून्य हा शब्द उच्चारतो, आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांचा राष्ट्रीय आकडा ८.२ येतो. दोन्ही खरे आहे. पुण्यातल्या कारखान्यात काय अडले, हे दिल्लीच्या आकड्यावरून कळत नाही.

बजाज यांना निदान माइक मिळतो. १९९८ मध्ये ज्यांना फटका बसला त्यांची निदान नावे छापली गेली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी वाणिज्य खात्याने भारतीय संस्थांची लांबलचक यादी प्रसिद्ध केली. अणुऊर्जा, संरक्षण संशोधन आणि अंतराळ या तिन्ही खात्यांच्या प्रयोगशाळा तीत होत्या. त्यांना सुटे भाग करून देणाऱ्या खासगी कंपन्याही होत्या. विक्रोळीच्या गोदरेजचा प्रिसिजन विभाग होता. साखर कारखान्यांची यंत्रे बनवणारी वालचंदनगर इंडस्ट्रीजही होती. म्हैसूरहून तीन तासांच्या अंतरावर बंगळूरमध्ये तेजस विमानाचे काम चालले होते. उड्डाण नियंत्रणाच्या यंत्रणेवर अमेरिकेत लॉकहीड मार्टिनबरोबर काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना काम अर्धवट सोडून परतावे लागले. ती यंत्रणा मग इथे उभी करावी लागली. तेजस पहिल्यांदा उडाले ४ जानेवारी २००१ ला. त्या अभियंत्यांचे कौतुक व्हायलाच हवे आणि ते पुष्कळ झाले आहे. मात्र निर्बंध हे आपल्याला लाभलेले वरदान होते, असे जे हल्ली सर्रास लिहिले जाते, त्यात गेलेल्या वर्षांची किंमत कुणी धरत नाही. तीही दरात नाही.

आता उदबत्तीकडे. तिच्यासाठी ना यादी निघाली, ना माइक मिळाला.

उदबत्ती कशी होते? बांबूची काडी, कोळशाची पूड आणि जिगट नावाची चिकट सालीची भुकटी. हे सामान कंत्राटदार घरी आणून देतो. घरातली बाई पाटावर बसून काडीवर लगदा वळते. कच्ची बत्ती वाळवते, जुड्या बांधते. कंत्राटदार माल मोजून नेतो. सुगंध लागतो तो पुढे, कारखान्यात. गेल्या काही वर्षांत यंत्रे बरीच आली आणि हातवळणीचे काम आटले. तरी म्हैसूर-बंगळूर पट्ट्यात ते संपलेले नाही. मजुरी हजार काड्यांवर मिळते. ही बाई कुणाच्या हजेरीपटावर नसते. अमेरिकेतल्या घाऊक व्यापाऱ्याने ऑर्डर निम्मी केली, तर इथे कुणाला कामावरून काढले जात नाही. कंत्राटदार आठवड्यातून दोनदा यायचा, तो एकदा येतो. बेकारीच्या कुठल्याही व्याख्येत ती बेकार झालेली नसते. वळायला काड्या कमी, एवढेच.

आणि तिमाही आकड्यात तिचा हिशेब कसा धरतात? हाच सगळ्या प्रकरणातला कळीचा भाग आहे आणि याच्याकडेच कुणी वळून पाहत नाही. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या मालिकेत, ज्या मालिकेतून तो ८.२ निघाला, कारखानदारीचा अंदाज बांधताना संघटित क्षेत्रासाठी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे तिमाही हिशेब घेतले जात. घरगुती आणि असंघटित उद्योगांचे असे हिशेब नसतात. तिथे औद्योगिक उत्पादन निर्देशांकाचा आधार घेतला जाई. तो निर्देशांक निघतो नोंदणीकृत कारखान्यांच्या उत्पादनावरून. सरळ भाषेत, सिमेंट आणि पोलाद किती वाढले यावरून पाटावर बसलेल्या बाईचे काम किती वाढले ते ठरवायचे. कारखाने जोरात असतील तर तीही जोरात, असे गृहीत धरायचे.

म्हणजे तिचे काम खरोखर निम्मे झाले असते, तरी ८.२ हा आकडा ८.२ च राहिला असता. तिला तोटा झाला नाही, असे तो आकडा सांगत नाही. तिला विचारलेच नाही, इतकेच तो सांगतो. आणि याच आकड्यावर बोट ठेवून निर्बंधांचा परिणाम झाला नाही असे म्हणायचे?

कॉफीचे पाहा. कॉफीला स्वतःचे मंडळ आहे, १९४२ च्या कायद्याने स्थापन झालेले. निर्यातीचे परवाने, पोत्यांची संख्या, कुठल्या देशाला किती, सगळे तिथे नोंदले जाते. मळेवाल्यांच्या संघटना आहेत, आमदार-खासदारांपर्यंत त्यांची ये-जा आहे. कॉफीवर संकट आले तर ते कागदावर उमटते. ज्या वस्तूचा तोटा मोजता येत होता तिला सूट मिळाली आणि जिचा मोजता येत नव्हता ती अडकून राहिली. अमेरिकेने हे आपल्याकडचे रकाने पाहून केले नाही, हे मान्य. पण परिणाम असा झाला की जे दुखणे उरले ते नेमके आपल्या मोजपट्टीबाहेरचे उरले. मग मोजपट्टीवर शून्य आले यात नवल ते काय?

सोलापूरच्या टॉवेलवाल्यांचीही गत फार निराळी नाही. तिथे यंत्रमाग आहेत, कामगार आहेत, निदान पाळी बंद पडली तर दारावर कुलूप दिसते. उदबत्तीत तेही नाही.

सरकारला ही बाई माहीतच नाही, असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस सरकारने उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले. चीन आणि व्हिएतनामचा स्वस्त माल येऊन इथल्या वळणाऱ्यांचे काम जाते, हे कारण सांगितले. ते खरेच होते. म्हणजे दुसऱ्या देशाच्या मालाने तिचे काम जाते हे दिल्लीला समजते, आणि दुसऱ्या देशाच्या कराने ते जाऊ शकते हे मात्र तिमाहीच्या आकड्याआड लपते. वर्षभराच्या आत, जून २०२० मध्ये, बांबूच्या काडीवरचे आयात शुल्क दहावरून पंचवीस टक्के झाले. उद्देश देशी बांबूला बळ देण्याचा होता. काडी मात्र बऱ्याच अंशी बाहेरूनच येत होती.

१२ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्यातदारांसाठी दोन निर्णय घेतले. २५,०६० कोटी रुपयांचे निर्यात प्रोत्साहन अभियान, आणि २०,००० कोटींपर्यंतच्या तारणविरहित कर्जांना सरकारी हमी. निर्बंधांनी काही बिघडलेच नव्हते, तर हे कशासाठी? बिघडले होते हे मंत्रिमंडळाला ठाऊक होते, असाच याचा अर्थ. हे मान्य करून सोळाच दिवसांनी आलेल्या आकड्याचा डांगोरा पिटायचा, हे दोन्ही एका तोंडाने कसे जमते, ते संबंधितांनीच सांगावे. आणि हमी मिळाली ती कर्जाला. निर्यातदार कर्ज काढून दोन-तीन महिने तग धरील, कारखाना चालू ठेवील, व्याज भरील. ऑर्डर कमी असताना तो कंत्राटदाराला पूर्वीइतका माल का देईल?

खरी माहिती हवी असेल तर ती मिळवणे अवघड नाही. म्हैसूरच्या उदबत्ती निर्यातदारांकडे त्यांच्या कंत्राटदारांची नावे आहेत. कंत्राटदारांच्या वहीत घरागणिक काड्यांची नोंद असते, कारण त्याच नोंदीवर मजुरी द्यायची असते. ऑगस्ट २०२५ आधीच्या आणि नंतरच्या चार-चार महिन्यांची ती पाने काढून मोजली, तर निर्बंधांनी म्हैसुरात काय केले याचे उत्तर आठवड्याभरात मिळेल. त्यासाठी ना तिमाहीची वाट पाहायला हवी, ना आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्रज्ञांची. ते उत्तर कदाचित असेही निघेल की फारसे काही घटले नाही, युरोपातून आणि देशातून मागणी होती, माल खपला. तसे निघाले तर ते आनंदाने छापावे. पण ते वहीतून निघालेले असेल.

कर्नाटकात नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत उदबत्ती उद्योगाची नोंद होती. सरकार हजार काड्यांमागे किती मजुरी द्यायची ते ठरवते आणि वेळोवेळी अधिसूचना काढते. त्या बाईला आठवड्यात किती हजार काड्या मिळाव्यात, याबद्दल त्या अधिसूचनेत एक ओळही नसते.